सासूच्या मडक्याला संदर्भ

"आपला लेख मुखपृष्ठावर येणार म्हणजे येणारच!" चष्मेवाल्यांनी जेवता जेवता जाहीर केलं. "महिनाभर थांब फक्त. मग सगळे कसे तोंडात बोटं घालतात ते बघ!"

"सगळे म्हणजे कोण?" बायकोने विचारलं.

प्रश्न रास्त होता. म्हणूनच चष्मेवाल्यांनी तो कानाआड केला आणि पाणी पिऊन टाकलं.

आता हा लेख कसला, ते सांगायला हवं. इंटरनेटवर एक ज्ञानकोश होता. तिथे कोणीही यावं, लिहावं, आणि दुसऱ्या कोणीतरी येऊन ते खोडावं, असा एकूण मोकळाढाकळा कारभार. चष्मेवाले तिथे 'दूरदृष्टी' या टोपणनावाने लिहीत. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते काउंटरवरच्या कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि जपानमधल्या एका प्रांताचा प्रारंभिक इतिहास मराठीत आणायचे. जपानचा आणि यांचा संबंध काय? तर दुकानातल्या सगळ्यात महागड्या फ्रेमी त्या प्रांतातून येत. एकदा एका गिऱ्हाइकाने फ्रेमीच्या डबीवरचं नाव वाचून विचारलं, "हे कुठे आलं हो?" चष्मेवाल्यांना सांगता येईना! दुपारी त्यांनी ज्ञानकोश उघडून पाहिला, तर त्या प्रांतावर मराठीत जेमतेम दीड ओळ. झालं! त्या दिवसापासून चष्मेवाल्यांनी त्या प्रांताला दत्तकच घेतलं.

लेखावर आणखी दोघं होते. एक नकाशेताई. त्या नकाशे आणि चित्रं काढायच्या आणि सगळ्यांना चांगलं म्हणायच्या. दुसरा शंकासुर. त्याच्याकडे राजघराण्यांचा भाग होता, पण त्याचं खरं प्रेम दुसऱ्यांच्या वाक्यांवर. कोणी काहीही लिहिलं की हा येऊन त्याच्यापुढे 'संदर्भ हवा' अशी पाटी लावून जायचा. सूर्य पूर्वेला उगवतो असं लिहिलं असतं, तरी कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर, ते त्याने विचारलं असतं. या दोघांचीही तोंडं चष्मेवाल्यांनी कधी पाहिलेली नव्हती. तरी दिवसातून चारदा शंकासुराशी भांडल्याशिवाय त्यांना करमायचं नाही.

लेख चांगला चालला होता, हे कबूल करायला हवं. दगडाची हत्यारं झाली, शिंपल्यांचे ढिगारे झाले, दोरीचे ठसे उमटवलेली मडकी झाली. एकेका वाक्याखाली संदर्भ, अगदी ठोकून बसवलेला! फक्त 'दैनंदिन जीवन' हा भाग रिकामा होता. आणि रिकामा भाग असलेला लेख मुखपृष्ठावर घेत नसत.

घोडं तिथे अडलं. आणि त्याच सुमारास घरात सासूबाई आल्या.

सासूबाई एका छापखान्यात प्रूफं तपासायच्या. उभा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवला होता आणि निवृत्तीनंतरही ती सवय निवृत्त झालेली नव्हती. आल्या त्या दिवशी त्यांनी दुकानाची पाटी वाचली आणि म्हणाल्या, "जावईबापू, पाटी छान आहे. तीन चुका आहेत, पण छान आहे."

बाईंचा मोतीबिंदू काढायचा होता. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, सोबतीला कोणी नाही. मागे एकदा त्या न्हाणीघरात पडल्या होत्या आणि शेजारणीने दार वाजवेपर्यंत तशाच पडून होत्या. ही गोष्ट मुलीला कळली तीही शेजारणीकडून. तेव्हापासून मुलीचा जीव थाऱ्यावर नव्हता. ऑपरेशन झालं, एक डोळा मोकळा झाला आणि एका सकाळी शाळेत विज्ञान शिकवायला निघताना बायको चष्मेवाल्यांना म्हणाली, "अहो, आई आता कायमची इथेच राहील. मी तिला तसं सांगितलंय. तुमची काही हरकत नाही ना?"

"छे छे! हरकत कसली?" चष्मेवाले म्हणाले. "आपलंच घर आहे त्यांचं."

तोंडाने असं म्हणाले खरे. पण घरातली ती छोटी खोली, ज्यात त्यांचं टेबल होतं, पुस्तकं होती, दार लावून घेण्याची सोय होती, ती आता सासूबाईंची झाली होती. त्यांचं टेबल जिन्याखाली गेलं होतं. त्यांची खिडकीजवळची खुर्चीही गेली होती. बायकोला हे बोलायची छाती नव्हती आणि गिळूनही बसवत नव्हतं. अशा माणसाने काय करावं? निदान ज्ञानकोशासमोर बसू नये!

चष्मेवाले बसले. 'दैनंदिन जीवन'चा रिकामा भाग समोर होता. म्हटलं, तूर्त एक नमुन्याचं वाक्य टाकून ठेवू, बसच्या सीटवर रुमाल टाकतात तसं. खरं मिळालं की हे काढू. आणि त्यांनी फणकाऱ्यातच टाईप केलं:

'या प्रांतात, लग्न झालेल्या मुलीकडे राहायला जाताना आई आपल्या वाटणीचं धान्य मडक्यात भरून सोबत नेत असे. मडकं रिकामं झालं की ती जावयाचं घर सोडून परत निघे.'

वाचून त्यांना फार बरं वाटलं! इतकं बरं वाटलं की ते एकटेच हसले. तेवढ्यात काचा पुसून घ्यायला कोणी आलं, त्यांनी घाईने 'जतन करा' दाबलं आणि उठले.

गिऱ्हाईक गेल्यावर येऊन बघतात तर नकाशेताई हजर! "दूरदृष्टी, काय सुंदर प्रथा शोधून काढलीत! किती स्वाभिमानी बायका! मला भरूनच आलं." नुसत्या भरून येऊन त्या थांबल्या नाहीत. त्यांनी एका मडक्याचं चित्रही काढून लेखात लावलं होतं आणि खाली लिहिलं होतं, 'मुलीकडे नेण्याचे मडके (कल्पनाचित्र)'. पाठोपाठ आणखी दोघातिघांनी 'वा' लिहिलं. इतक्या दिवसांत शिंपल्यांच्या ढिगाऱ्याला कोणी 'वा' म्हटलं नव्हतं! चष्मेवाल्यांनी खोडायला नेलेला हात मागे घेतला. राहू दे, म्हणाले, उद्या काढू. कौतुकाच्या वेळी कोण खोडत बसतं?

उद्या शंकासुर आला. 'संदर्भ हवा. रविवारपर्यंत न मिळाल्यास वाक्य काढले जाईल आणि लेख मुखपृष्ठाच्या यादीतून वगळला जाईल.'

आता खरं तर सोपं होतं. मान खाली घालून म्हणायचं, 'चुकून पडलं, काढतो.' पण नकाशेताईंनी मडकं काढलेलं! बायकोला महिनाभर थांब म्हणून सांगितलेलं! चष्मेवाल्यांनी लिहिलं, 'संदर्भ आहे. शोधून देतो.' आणि कपाळावरचा घाम पुसला.

रविवारी सकाळी त्यांनी सासूबाईंना दुकानात बोलावलं. नवा चष्मा तयार झाला होता. चष्मा त्यांनी स्वतः केला होता, काच स्वतः घासून बसवली होती. त्या बाबतीत त्यांच्या कामात खोट काढायची कोणाची टाप नव्हती. त्यांची एक पद्धत होती. चष्मा नाकावर बसवला की गिऱ्हाइकाच्या हातात त्या दिवसाचं वर्तमानपत्र द्यायचं आणि म्हणायचं, वाचा! कुठेही उघडा, अगदी बारीक अक्षर वाचा!

"वाचा बघू आई," ते म्हणाले.

सासूबाईंनी रविवारची पुरवणी उघडली. पान धरलं, जरा लांब केलं, जरा जवळ आणलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अगंबाई! कसं स्वच्छ दिसतंय! हे बघा, 'जगावेगळ्या रीती'. जपानमधल्या एका प्रांतात..." आणि त्या खड्या आवाजात वाचू लागल्या, "...लग्न झालेल्या मुलीकडे राहायला जाताना आई आपल्या वाटणीचं धान्य मडक्यात भरून सोबत नेत असे. मडकं रिकामं झालं की ती जावयाचं घर सोडून परत निघे."

चष्मेवाले काउंटरवरून जवळजवळ पलीकडे आले! शब्दन् शब्द त्यांचा! पुरवणीवाल्याने ज्ञानकोशातून जसंच्या तसं उचलून छापलेलं! कोणाही शहाण्या माणसाला या वेळी दरदरून घाम फुटला असता. पण चष्मेवाल्यांच्या डोक्यात त्या क्षणी एकच गोष्ट होती. छापून आलं! म्हणजे संदर्भ मिळाला!

"आई, ते पान द्या जरा," ते म्हणाले, आणि सासूबाईंच्या हातातून पुरवणी घेऊन त्यांनी कात्रीने तो मजकूर कापलासुद्धा. दहा मिनिटांत ज्ञानकोशात वाक्याखाली संदर्भ लागला. वर्तमानपत्राचं नाव, तारीख, पान, सगळं! शंकासुराने लिहिलं, 'स्रोत छापील आहे. मान्य.' शंकासुराने! मान्य! चष्मेवाल्यांना तर क्षणभर वाटून गेलं की ती प्रथा खरोखरच असणार. एवढे लोक म्हणतायत, तर आपल्याला ती आतूनच सुचली असेल.

सासूबाई कधी उठून वर घरात गेल्या ते त्यांनी पाहिलंही नाही.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एक नवा डबा आला. पत्र्याचा, बऱ्यापैकी मोठा, वर झाकण. त्यात तांदूळ होते. सासूबाई त्यातले वाटीभर तांदूळ आपल्यापुरते वेगळे शिजवत होत्या.

"आई, हे काय गं?" मुलीने विचारलं.

"माझ्या वाटणीचं धान्य," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "हा डबा संपला की मी आपल्या घरी जाणार."

"घरी? एकटी? त्या जिन्यांवरून? वेड लागलंय का तुला!"

"वेड नाही, अक्कल आली. कालच्या पेपरात वाचलं. कुठल्या काळातल्या त्या बायका, ना शाळा ना पुस्तकं. पण जावयाच्या दारात किती दिवस राहावं हे त्यांना कळत होतं. मी मात्र खोली घेऊन, खुर्ची घेऊन बसले. कोणी तोंडाने बोलत नाही म्हणून आपल्याला कळू नये का?"

बायको तशीच चष्मेवाल्यांकडे आली. "तुम्ही आईला काही बोललात का?"

"मी? शपथ घेतो! एक शब्दही बोललो नाही!" आणि ते खरंच होतं. बोलले नव्हतेच ते.

"मग हे कुठून आलं? तुम्ही त्याच प्रांतावर लिहिता ना? खरं असतं का हो असं काही?"

इथेच सांगून टाकायचं होतं. बायकोचे डोळे भरलेले होते, ती चष्मेवाल्यांकडे आशेने बघत होती, एका वाक्यात मिटलं असतं. पण त्यांच्या तोंडून निघालं ते हे: "तसा... संदर्भ आहे त्याला."

आपण हे काय बोललो, असं त्यांना जिना उतरतानाच वाटलं. माणसाला स्वतःची लाज वाटायला लागली की जिनासुद्धा लांबतो. दुकानात येऊन त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर ज्ञानकोश उघडून ते वाक्य उडवलं! गेलं एकदाचं! जीव भांड्यात पडला.

चहा पिऊन येतात तर वाक्य परत जागेवर. शंकासुर!

'सबळ संदर्भ असलेली माहिती काढू नये.'

'अहो, ती माहिती खोटी आहे,' चष्मेवाल्यांनी लिहिलं.

'खोटी असल्याचा संदर्भ हवा.'

'मीच सांगतोय ना! ते वाक्य मीच माझ्या मनाने रचलंय!'

'ज्ञानकोशात लेखकाच्या वैयक्तिक मताला स्थान नाही. वर्तमानपत्रात छापून आले आहे. तुमच्या म्हणण्याला छापील आधार असल्यास द्यावा.'

चष्मेवाल्यांनी कपाळावर हात मारून घेतला. खोटं बोलायला आधार लागला नव्हता, आणि खरं बोलायला शंकासुर पुरावा मागत होता! त्यांनी वाक्य पुन्हा उडवलं. त्याने पुन्हा आणलं. मग शंकासुराने तक्रार केली आणि 'दूरदृष्टी' यांना त्या लेखात हात घालायला पंधरा दिवस बंदी झाली. नकाशेताईंनी तेवढं लिहिलं, 'दूरदृष्टी, तुमची तब्येत बरी आहे ना?'

मग त्यांनी घरचा रस्ता धरून पाहिला. जेवताना घसा खाकरून म्हणाले, "आई, ते पेपरातलं काही खरं नसतं बरं का. काहीही छापतात."

सासूबाईंनी घास खाली ठेवला. "जावईबापू, मी जन्मभर प्रूफं तपासली आहेत. छापायच्या आधी माणसं डोळ्यांत तेल घालून बघतात. तुम्ही माझ्या समाधानासाठी बोलताय, तुमचं मन मोठं आहे. पण मला भुलवू नका." तुमचं मन मोठं आहे! चष्मेवाले अर्ध्या जेवणावरून हात धुवायला उठले.

आणि डबा खाली खाली जात होता. बायको रोज शाळेतून आली की आधी झाकण उघडून बघायची आणि तिचा चेहरा उतरायचा. चष्मेवाल्यांना ते बघवेना. खरं सांगायची हिंमत नाही आणि स्वस्थ बसवत नाही, तेव्हा त्यांना एक युक्ती सुचली. डबा रिकामाच झाला नाही तर?

दुपारी सासूबाईंच्या डोळ्यांत औषध घालायचं काम चष्मेवाल्यांचं होतं. थेंब घातले की बाईंनी डोळे मिटून पडून राहायचं. त्या दिवशी त्यांनी थेंब घातले, म्हणाले, "आई, पडून राहा हं, अजिबात उघडू नका," आणि मांजराच्या पावलांनी स्वयंपाकघरात गेले. घरच्या पिंपातले तांदूळ त्या डब्यात ओतले. हलक्या हाताने, आवाज न करता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडून जरा जास्तच पडले आणि डबा आदल्या दिवसापेक्षा वर आला! बाहेरून सासूबाईंनी विचारलं, "जावईबापू, कसला आवाज?" तर म्हणाले, "पाऊस असेल." बाहेर लख्ख ऊन होतं. डोळ्यांत औषध घालता घालता आपण त्याच डोळ्यांत धूळ फेकतोय, हे कळत होतं त्यांना. कळूनही ते रोज ओतत होते.

त्यांना वाटलं होतं, सासूबाई खूश होतील. सासूबाई गप्प गप्प झाल्या. डब्याचं झाकण उघडायच्या, आत बघायच्या, चष्मा काढून पुसायच्या, परत बघायच्या. मग बोट घालून बघायच्या. एके दिवशी त्या दुकानात आल्या. खुर्चीवर बसल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "चष्म्यात काही बिघाड आहे का हो? मला डबा भरलेलाच दिसतो."

"चष्मा उत्तम आहे, आई!"

"मग डोळा गेला माझा. नाहीतर डोकं." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "तिला सांगू नका एवढ्यात."

पण तिला कळायचं ते कळलंच, आणि त्याच संध्याकाळी सगळे डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. हे डॉक्टर म्हणजे चष्मेवाल्यांच्या दुकानाचा अर्धा आधार. त्यांनी लिहून दिलेले नंबर घेऊनच निम्मं गिऱ्हाईक येई. डॉक्टरांनी यंत्रातून बघितलं, उलटसुलट बघितलं. "डोळा अगदी ठणठणीत," ते म्हणाले. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी आवाज मऊ केला. "आजी, आज कोणता वार आहे? सकाळी काय जेवलात?"

सासूबाईंनी वार बरोबर सांगितला. जेवण बरोबर सांगितलं. पण सांगताना त्या प्रत्येक उत्तरानंतर मुलीकडे बघत होत्या, बरोबर आहे ना म्हणून. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेली बाई! मुलगी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीला असंच होतं. भरलेलं रिकामं वाटतं, रिकामं भरलेलं वाटतं. पुढच्या तपासण्या करून घेऊ."

"नको!" चष्मेवाले ओरडले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"डबा मी भरतो," ते म्हणाले. "रोज दुपारी. आईंनी डोळे मिटले की मी तांदूळ ओततो."

"का?" बायकोने विचारलं.

मग सगळंच बाहेर आलं. शेंडा आधी, बुडखा नंतर, तुटक तुटक. डबा, वाक्य, शंकासुर, नकाशेताईंचं मडकं, पुरवणी, परत वाक्य. डॉक्टरांना त्यातलं अर्धंमुर्धं कळलं असेल, पण तेही आपल्या चष्म्यावरून बघत राहिले. चष्मेवाल्यांचे कान तापले होते. समोर नेत्रतपासणीचा तक्ता होता आणि ते त्यातल्या सगळ्यात खालच्या ओळीकडे बघून बोलत होते, कारण माणसांकडे बघायची सोय उरली नव्हती. खरं बोललं की मोकळं वाटतं असं म्हणतात, ते सोसायला मात्र फार वाईट असतं.

बोलून झालं. त्यांना वाटलं, चला, आता सासूबाई जायच्या थांबतील.

सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या. "म्हणजे ते जपानी लोक नव्हतेच," त्या म्हणाल्या. "तुम्ही होतात."

तेव्हा कुठे चष्मेवाल्यांना कळलं की आपण काय करून बसलोय! इतके दिवस त्या बाईला कोणा परक्या, जुन्या लोकांची रीत घालवत होती. आता जावयानेच तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही नको आहात. तेही डॉक्टरांसमोर!

घरी येताना बायको रस्त्याच्या दुसऱ्या कडेने चालत होती. घरात शिरल्याबरोबर सासूबाई तडक आपल्या खोलीत गेल्या आणि चष्मेवाले दाराबाहेर उभे राहिले. आत कपाट उघडल्याचा आवाज आला. बॅग ओढल्याचा आवाज आला. त्यांना जमिनीने पोटात घ्यावंसं वाटत होतं, पण जमीन अशा वेळी ढिम्म हलत नाही.

"आई," ते दाराशी पुटपुटले, "जाऊ नका."

"कोण जातंय?" आतून आवाज आला. "बॅगेतले कपडे परत कपाटात लावतेय. जायचं म्हणून भरली होती ना!"



सासूबाई दारात आल्या. "हे बघा जावईबापू, ते लोक किती जुने, किती मानी! त्यांचा मान ठेवायला म्हणून मी निघाले होते. तुमचा कसला मान ठेवू?" त्या जरा थांबल्या. डोळे पाणावले होते, आणि ते औषधामुळे नव्हे. "मी अडचण होतेय असं वाटत होतं, तर जेवताना सांगायचं. खोली परत द्या म्हणायचं. दिली असती. एवढा जपानवरून वळसा घालून कशाला आलात?"

चष्मेवाल्यांनी पुढे होऊन रिकामी बॅग उचलली आणि कपाटावर ठेवून दिली.

राहता राहिलं ते वाक्य. ते तिकडे ज्ञानकोशात ऐटीत बसलेलंच होतं. सासूबाईंना तेच जास्त खुपलं. "तिकडच्या बिचाऱ्या बायकांवर हा आळ कशाला? काढा ते." चष्मेवाल्यांनी शंकासुराची अडचण सांगितली. छापील आधार हवा! "मग छापून आणू," सासूबाई म्हणाल्या. "बसा. मी सांगते, तुम्ही टाईप करा."

असं ते पत्र संपादकांना गेलं. सासूबाईंनी तोंडी सांगितलं, चष्मेवाल्यांनी मान खाली घालून टाईप केलं, छापून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून ते ओळीवर बोट ठेवत वाचलं, एक स्वल्पविराम हलवायला सांगितला आणि सही केली. पुढच्या रविवारी पुरवणीत ते चौकटीत झळकलं. मथळा होता, 'जपानी सासू निर्दोष!'

'संपादक महोदय, आपल्या पुरवणीत जपानमधल्या सासवांच्या मडक्याविषयी आलेली माहिती खोटी आहे. ती माझ्या जावयाने रागाच्या भरात स्वतःच्या मनाने रचली. मी त्याची खोली घेतली, हा त्याचा राग होता. तोंडावर बोलायची त्याला हिंमत नाही. तसा तो मनाने वाईट नाही. हे कृपया छापावे. – एका चष्मेवाल्याची सासू.'

गावात चष्म्याची दुकानं असून असून किती असणार? सोमवारी पहिलंच गिऱ्हाईक नंबर तपासायला आलं आणि निघताना म्हणालं, "आमच्या सासूबाई यायच्या आहेत. डबा केवढा घेऊ?" डॉक्टरांकडून येणारे पेशंटही चष्मेवाल्यांकडे जरा निरखून बघू लागले. आणि बंदी उठल्याबरोबर, स्वतःच्या हाताने, चष्मेवाल्यांना तो संदर्भ ज्ञानकोशात चढवावा लागला: वर्तमानपत्र, तारीख, पान, वाचकांची पत्रे. शंकासुर तासाभरात आला. 'स्रोत छापील आहे. मान्य. वाक्य काढले.' नकाशेताईंनी न बोलता आपलं मडकं उतरवलं. 'दैनंदिन जीवन' पुन्हा रिकामं झालं आणि मुखपृष्ठावर दुसऱ्याच कोणाचा तरी गेंड्यांवरचा लेख लागला.

बायको अजून मोजकंच बोलत होती. एका संध्याकाळी चष्मेवाल्यांनी धीर करून ते कात्रण तिच्यापुढे धरलं. "एवढंही रागवू नकोस गं. बघ, आईंनीच लिहिलंय की, मनाने वाईट नाही म्हणून."

बायकोने कात्रण घेतलं, वाचलं आणि परत दिलं. "आई सांगत होती तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. सगळं ऐकू येत होतं. हे वाक्य ती बोललीच नाही."

चष्मेवाल्यांनी कात्रणाची घडी घातली.

"टाईप करताना तुम्ही घुसडलंत," बायको म्हणाली. "याही वेळी!"

आतल्या खोलीत सासूबाई पुरवणी वाचत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, फक्त पान उलटलं.

"दिसलं होतं मला ते," त्या म्हणाल्या. "राहू दिलं."